विश्लेषण : ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी सी ड्राइव्हवरच्या फाइल्स कुठे न्याव्यात?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. नोंदणी करणाऱ्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट मिळण्याची सोय आहे. बाकीच्यांना विंडोज ११ टाकावे लागेल किंवा अपडेटविना काम चालवावे लागेल. चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली किंवा देसाईगंजच्या दुरुस्तीच्या दुकानात अशा वेळी एक ठरलेले वाक्य ऐकू येते, ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून द्या.’ हे काम तासाभराचे असते. पण त्या तासाभरात संगणकाचा सी ड्राइव्ह पुसला जातो आणि बहुतेकांचे फोटो, दाखले, हिशेब व अर्ज नेमके तिथेच असतात.

सी ड्राइव्हवरच सगळे का साठते?

अक्षरांपासून सुरुवात करू. पहिल्या पिढीच्या पीसीमध्ये फ्लॉपी ड्राइव्हला ए आणि बी ही अक्षरे दिली होती. हार्ड डिस्क आली ती तिसरी, म्हणून ती सी. फ्लॉपी इतिहासजमा झाली, तरी ए आणि बीच्या जागा रिकाम्याच राहिल्या आणि विंडोज आजही सीवरच बसते.

विंडोज बसते तिथेच वापरकर्त्याच्या नावाचे एक फोल्डर तयार होते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज हे सगळे त्याच फोल्डरच्या पोटात असतात. स्क्रीनवर दिसणारा डेस्कटॉप ही काही वेगळी जागा नाही, तो सी ड्राइव्हवरचाच एक कप्पा आहे. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली पीडीएफ डाउनलोड्समध्ये जाते, मोबाइल केबलने जोडून घेतलेले फोटो पिक्चर्समध्ये जातात आणि स्कॅनरने काढलेला दाखला सहसा डॉक्युमेंट्समध्ये. वापरणाऱ्याने काहीही निवडलेले नसते. तरी दोन-तीन वर्षांत सी ड्राइव्हची पट्टी लाल होते, अपडेट जागेअभावी अडकतात आणि संगणक मंदावतो. मग तो दुकानात जातो.

दुकानदार बहुतेक वेळा विचारतो, ‘सीवर काही कामाचे आहे का?’ त्यावर ‘नाही, सगळे डेस्कटॉपवर आहे’ असे उत्तर आले, की नुकसान ठरलेलेच.

या दोन जिल्ह्यांत प्रश्न अधिक गंभीर का?

गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग जंगलाचा आहे आणि तिथल्या गावांचा जंगलावरचा हक्क कागदांवर उभा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांमध्ये मेंढ्याचे नाव आहे. हक्क मिळाला तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावे लागले. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या दिवशी गावात आले होते. ठराव, पत्रव्यवहार आणि नकाशे यांच्या बळावर ही लढाई झाली.

वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात शासकीय अभिलेख, नकाशे, जमिनीवरच्या खुणा यांच्याबरोबर गावातील ज्येष्ठांचे लेखी जबाबही येतात. असा जबाब देणारी व्यक्ती पुढे हयात नसते. मूळ कागद उधईच्या तोंडी गेला, तर त्याची स्कॅन केलेली प्रत हाच आधार उरतो. ही प्रत कुठे असते? ग्रामसभेचे काम पाहणाऱ्या एखाद्या तरुणाच्या लॅपटॉपवर, ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रातील संगणकावर किंवा तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर. तेंदू आणि बांबूच्या विक्रीचे ताळेबंद, मजुरीच्या याद्या, ग्रामसभेच्या बैठकांचे फोटो यांचीही गत तीच. जंगल हजारो हेक्टरांचे आणि त्याचे दप्तर एका डेस्कटॉपवर, ‘न्यू फोल्डर २’ नावाने, अशी ही स्थिती असते.

चंद्रपूरकडे चित्र थोडे वेगळे आहे. तिथे ताडोबाच्या आसपासचे छायाचित्रकार, होमस्टे चालवणारे, कोळसा खाणी आणि वीज केंद्राच्या कामांवरचे छोटे कंत्राटदार यांच्या फाइल्स आकाराने मोठ्या असतात. चांगल्या कॅमेऱ्याचा एक रॉ फोटो २५ ते ५० एमबीचा असतो. दोन-चार सफारींत २५६ जीबीच्या लॅपटॉपचा श्वास कोंडतो.

काय हलवायचे आणि कशाला हात लावायचा नाही?

आपण तयार केलेली किंवा उतरवलेली प्रत्येक फाइल हलवता येते. विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅम डेटा ही फोल्डरे मात्र उचलून डी ड्राइव्हवर टाकू नयेत. टाकल्यास सॉफ्टवेअर उघडणार नाहीत, कदाचित संगणकही सुरू होणार नाही. सी ड्राइव्हवरचे संपूर्ण ‘युजर्स’ फोल्डर दुसरीकडे नेण्याचे उपाय सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यांच्या नादी लागू नये. पुढचा एखादा मोठा अपडेट अडकला, की दुरुस्ती अवघड होते.

सहज न दिसणाऱ्या गोष्टी अधिक त्रास देतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा कित्येकदा सी ड्राइव्हवर, त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये असतो. त्यामुळे सॉफ्टवेअर उघडून डेटाचा मार्ग पाहावा आणि त्यातूनच बॅकअप घ्यावा. ब्राउजरमधील बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड ‘ॲपडेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. ते ब्राउजरच्या सेटिंगमधून एक्स्पोर्ट करता येतात. पासवर्डची ती फाइल साध्या अक्षरांत उघडते, हे लक्षात ठेवून काम झाल्यावर ती पुसून टाकावी. शासकीय पोर्टलवर काम करणाऱ्यांचे पासवर्ड असे पेनड्राइव्हवरून फिरणे बरे नव्हे.

फाइल्स हलवण्याची योग्य पद्धत कोणती?

सर्वांना माहीत असलेली पद्धत म्हणजे कट आणि पेस्ट. तीत एक मेख आहे. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली, तर प्रत्यक्षात काहीच हलत नाही. फक्त नोंद बदलते, सातबाऱ्यावर फेरफार व्हावा तशी. जमीन आहे तिथेच राहते, म्हणून दहा जीबीचे फोल्डरही क्षणात ‘हलते’. सीवरून डीवर नेताना मात्र प्रत्येक फाइल आधी नव्या जागी लिहिली जाते आणि मग जुन्या जागेवरून काढली जाते. या मधल्या काळात वीज गेली, की काही फाइल्स इकडे, काही तिकडे आणि एखादी अर्धवट. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात आणि युपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

त्यासाठी कटऐवजी कॉपी वापरावी. सगळे कॉपी झाले की जुन्या आणि नव्या, दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे. तिथे फाइल्सची संख्या आणि ‘साइज’ दिसतो. दोन्हीकडे हे आकडे जुळले पाहिजेत. त्याच्याच खाली ‘साइज ऑन डिस्क’ असा दुसरा आकडा असतो. तो ड्राइव्हच्या रचनेनुसार थोडा वेगळा येऊ शकतो, त्याने घाबरू नये. आकडे जुळल्यावर नव्या जागेवरच्या पाच-सहा फाइल्स प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, त्यात एखादी मोठी व्हिडिओ फाइल असावी. मगच जुनी प्रत काढावी. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसावे.

मात्र एवढ्याने प्रश्न एकदाच सुटतो. उद्याची नवी फाइल पुन्हा सीवरच्या डॉक्युमेंट्समध्ये जाणार आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. यावरचा कायमचा उपाय विंडोजमध्येच आहे, पण तो फार कमी जणांना ठाऊक असतो.

आधी डी ड्राइव्हवर एक फोल्डर बनवावे, समजा ‘माझ्या फाइल्स’. त्याच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स अशी चार वेगळी फोल्डरे करावीत. मग फाइल एक्स्प्लोररमध्ये डाव्या बाजूला दिसणाऱ्या डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे. तिथे ‘लोकेशन’ नावाचा टॅब असतो. त्यातील ‘मूव्ह’ दाबून डीवरचे डॉक्युमेंट्स फोल्डर निवडावे आणि ‘अप्लाय’ करावे. जुन्या जागेवरच्या सगळ्या फाइल्स नव्या जागी न्यायच्या का, असे विंडोज विचारते. ‘येस’ म्हणावे. यातही हलवण्याचे काम कट-पेस्टसारखेच होते, त्यामुळे आधी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढलेली असावी. बाकीच्या फोल्डरांसाठी हेच पुन्हा. यानंतर वापरणाऱ्याला काहीच बदललेले जाणवत नाही. डेस्कटॉप तसाच दिसतो, सेव्ह करण्याची सवय तीच राहते, फाइल मात्र डीवर जाऊन बसते.

इथे दोन चुका हमखास होतात. काही जण आत फोल्डर न बनवता थेट डी ड्राइव्हच निवडतात. मग अख्खा डी ड्राइव्ह म्हणजेच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि तो पूर्ववत करताना घाम निघतो. दुसरी चूक म्हणजे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या दोन्हींना एकच फोल्डर देणे. तसे केल्यास दोन्हींतील फाइल्स एकमेकांत मिसळतात आणि त्या वेगळ्या करण्याचे काम हातानेच करावे लागते.

लोकेशन टॅबमधील मार्गात ‘वनड्राइव्ह’ हा शब्द दिसला, तर थांबावे. याचा अर्थ विंडोजने ही फोल्डरे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जोडलेली आहेत. नव्या लॅपटॉपवर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबताना हे आपोआप होऊन जाते. अशा वेळी आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या फोल्डरांचा बॅकअप बंद करावा लागतो. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. फाइल्स गेलेल्या नसतात. त्या वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून परत आणाव्यात.

मराठी फाइल्सचे काय?

इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत न सापडणारी, पण मराठीत काम करणाऱ्यांना हमखास भोवणारी अडचण म्हणजे फॉन्ट.

युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम यांसारख्या पॅकेजवर आणि त्यांच्या फॉन्टवर होत असे. कित्येक डीटीपी सेंटरमध्ये आजही होते. या पद्धतीत फाइलमध्ये देवनागरी अक्षर साठवलेले नसते. साठवलेले असते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि ते पडद्यावर ‘क’ दाखवायचे की ‘ख’, हे फॉन्ट ठरवतो. फॉन्ट राहतात सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फोल्डरमध्ये. फाइल डीवर नीट हलवली, सी फॉरमॅट झाला, नवे विंडोज आले, फाइल उघडली आणि पाहतो तर ग्रामसभेच्या ठरावाऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिखल. फाइल शाबूत असते, फक्त ती वाचणारा फॉन्ट पुसला गेलेला असतो.

हे आधीच तपासण्याची सोपी युक्ती मोबाइलवर आहे. संगणकातील एखादी जुनी वर्ड फाइल व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवावी आणि मोबाइलवर उघडावी. मराठी स्पष्ट दिसली, तर ती युनिकोडमध्ये आहे आणि काळजीचे कारण नाही. अगम्य चिन्हे दिसली, तर ती फॉन्टवर अवलंबून आहे. अशा फाइल्स असतील, तर फॉरमॅटपूर्वी विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ फोल्डर उघडून त्या मराठी फॉन्टच्या प्रती डीवर आणि पेनड्राइव्हवर घ्याव्यात. एखादा फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरता टाकलेला असेल, तर तो ॲपडेटाच्या आत दडलेला असू शकतो. फॉन्टच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याचा मार्ग दिसतो. टायपिंगचे पॅकेज विकत घेतलेले असेल, तर त्याची सीडी, परवाना क्रमांक किंवा यूएसबीला लावायचे कुलूप शोधून ठेवावे.

याहून पक्का उपाय म्हणजे महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढणे. पीडीएफ करताना फॉन्ट सहसा फाइलमध्येच गुंफला जातो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. दुरुस्ती करण्यासाठी मूळ फाइलही जपावी. सवड मिळेल तसा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे आणि रफारांत चुका राहतात. नावे, गट क्रमांक आणि क्षेत्रफळ असलेला कागद मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. ‘र्‍हस्व-दीर्घ चालते’ हे इथे चालत नाही. दाव्यातील एका नावाच्या फरकाने फाइल महिनोन् महिने अडू शकते.

डीवर गेले म्हणजे सुरक्षित झाले का?

विंडोज पुन्हा टाकण्यापुरते उत्तर हो असे आहे. डिस्क बिघडण्याच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा नाही.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. कार्यालये वेगळी झाली, नकाशावर रेघ आली, जमीन मात्र एकच राहिली. सी आणि डी हे अनेक संगणकांत असेच असतात, एकाच डिस्कवर आखलेले दोन भाग. सीचे प्रशासन बदलले, म्हणजे विंडोज नवे टाकले, तरी डीला धक्का लागत नाही. पण २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा पाणी ब्रह्मपुरीकडेही शिरले आणि पलीकडे देसाईगंजकडेही. नदीने जिल्ह्याची हद्द पाहिली नाही. डिस्क जळाली, लॅपटॉप पडला किंवा चोरीला गेला, तर सी आणि डी एकत्रच जातात.

आपल्या संगणकात काय स्थिती आहे, हे अर्ध्या मिनिटात कळते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘डिस्क ०’समोर कंसात सी आणि डी दोन्ही लिहिलेले असतील, तर डिस्क एकच आहे. सी ‘डिस्क ०’वर आणि डी ‘डिस्क १’वर असेल, तर दोन वेगळ्या डिस्क आहेत. छोटी एसएसडी आणि एक टीबीची हार्ड डिस्क अशी जोडी असलेल्या लॅपटॉपमध्ये असे आढळते. नव्या लॅपटॉपमध्ये तर कित्येकदा फक्त सी असतो. दुकानात त्याचे दोन भाग करून मिळतात, ते सोयीचेही असते. पण त्याला बॅकअप समजू नये.

म्हणून संगणकाबाहेर एक प्रत हवीच. बाह्य हार्ड डिस्क उत्तम, निदान चांगला पेनड्राइव्ह. जुन्या पेनड्राइव्हवर मोठा व्हिडिओ कॉपी होत नसेल, तर त्याचा फॉरमॅट फॅट ३२ असण्याची शक्यता आहे. त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यास बसते, पण त्याआधी त्या पेनड्राइव्हवर काय आहे ते पाहून घ्यावे. फॉरमॅटचा नियम पेनड्राइव्हलाही तोच.

क्लाउडवरच का ठेवू नये?

ठेवावे, पण हिशेब मांडून. समजा, ६० जीबी फाइल्स आहेत आणि अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट मिळतो. मग सगळे वर चढायला एकही खंड न पडता साडेपाच दिवस लागतील. हाच साठा साध्या बाह्य हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने दहा मिनिटांत उतरतो. छोट्या फाइल्स हजारोंनी असतील, तर अर्धा-पाऊण तास धरावा. भामरागडला पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला, की रस्ताच बंद होतो. अशा वेळी हाताशी असलेली डिस्क क्लाउडपेक्षा उपयोगी. वनड्राइव्हवर फुकट जागा मिळते ती ५ जीबी, गुगलच्या खात्यावर १५ जीबी आणि त्यातच जीमेल व फोटोही मोजले जातात. वनहक्काचे दावे, ठराव, नकाशे, शैक्षणिक दाखले एवढेच निवडून वर चढवले, तर ही जागा पुरते. लग्नाचे व्हिडिओ डिस्कवर राहू द्यावेत.

दुकानात देण्यापूर्वी काय पाहावे?

बाहेरची प्रत घरी ठेवूनच संगणक दुकानात न्यावा. कारण विंडोज नव्याने टाकताना येणाऱ्या पडद्यावर सी, डी अशी अक्षरे दिसतातच असे नाही. ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन १, पार्टिशन २’ अशी यादी असते आणि घाईत चुकीच्या ओळीवर क्लिक होऊ शकते. काही ठिकाणी तर सगळे भाग पुसून नव्याने आखण्याची पद्धत असते. संगणकातूनच ‘रीसेट’ करणाऱ्यांनी, फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह पुसायचा की सगळे, या प्रश्नाचे उत्तर नीट वाचून द्यावे.

फॉरमॅट टाळता येते का, हेही विचारावे. संगणक विंडोज ११ ला पात्र असेल, म्हणजे टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मान्य यादीतील प्रोसेसर असेल, तर विंडोज १० वरच ११ चढवता येते आणि फाइल्स जागच्या जागी राहतात. दुकानात सरसकट फॉरमॅट करण्याचे कारण बहुधा वेळ हेच असते. ग्राहकाने विचारले, तर पर्याय मिळतो. अर्थात तेव्हाही बाहेरची प्रत आधी.

नवे विंडोज आल्यावर डॉक्युमेंट्स उघडले की ते रिकामे दिसते, कारण नव्या विंडोजला आपली डीवरची सोय माहीत नसते. लोकेशन टॅबमध्ये जाऊन पुन्हा डीवरची तीच फोल्डरे दाखवावीत, सगळे परत दिसते. एखादे फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश आला, तर ‘कंटिन्यू’ दाबावे. नव्या वापरकर्त्याला ते फोल्डर उघडण्याची परवानगी मिळते.

आणखी एक बाब सर्वात कमी बोलली जाते. विंडोज ११ असलेल्या नव्या संगणकांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले, की डिस्क आपोआप कूटबद्ध होऊ शकते. डी ड्राइव्हही त्यात येतो. पुढे कधी विंडोज बिघडले किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल, तर डी ड्राइव्ह दिसूनही उघडत नाही. ही की ज्या खात्याने लॉगिन केले, त्या खात्यात जमा होते. ग्राहकाकडे ई-मेल नसला, की दुकानदार कामचलाऊ खाते उघडून देतो, पासवर्ड कुणीच लिहून ठेवत नाही आणि किल्ली परक्याच्या तिजोरीत जाते. लॉगिन स्वतःच्याच ई-मेलने करून घ्यावे. की खात्यातून पाहून वहीत लिहावी. ग्रामसभेचा किंवा बचत गटाचा संगणक असेल, तर ती वही एकट्या सचिवाच्या घरी नसावी.

फॉरमॅट आधीच होऊन गेले असेल तर?

पहिले काम म्हणजे तो संगणक वापरणे थांबवणे. नवी फाइल, नवे सॉफ्टवेअर, अगदी इंटरनेट पाहणेही जुन्या फाइल्सच्या जागेवर नवे काही लिहू शकते. नंतर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर आहे का ते पाहावे. पूर्ण फॉरमॅट न करता विंडोज टाकले असेल, तर जुने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्याच्या आत, ‘युजर्स’मध्ये सापडतात. विंडोज हे फोल्डर काही दिवसांनी स्वतःच काढून टाकते, म्हणून त्याच दिवशी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे.

ते नसेल, तर डिस्कच्या प्रकारावर सगळे अवलंबून आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही मजकूर बराच काळ जागेवर असतो, फक्त त्याची नोंद गेलेली असते. रिकव्हरीचे सॉफ्टवेअर तो वाचू शकते. मात्र ते त्याच डिस्कवर टाकू नये, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी. एसएसडी असेल, तर शक्यता फार कमी. पुसलेली जागा आतून खरोखर रिकामी करण्याची आज्ञा विंडोज एसएसडीला देते आणि ती बहुधा लगेच पाळली जाते.

तेव्हा शोध संगणकाबाहेर घ्यावा लागतो. पाठवलेले जीमेल, व्हॉट्सॲपवरील जुने संदेश, झेरॉक्स सेंटरचा संगणक, ज्याला प्रत दिली होती त्याचा पेनड्राइव्ह. वनहक्काच्या दाव्यांबाबत उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे सादर झालेली फाइल असते. तिची प्रत अर्ज करून मागता येते आणि तेही न जमल्यास माहिती अधिकाराचा मार्ग आहे.